केर्सीच्या पठारावर ग्रॅव्हल सायकल: काओर ते फिझाक आणि परत

फ्रान्समध्ये सायकल चालवायची म्हटलं की आपल्याकडच्या सायकलवाल्यांना आल्प्सचे घाट आठवतात, नाहीतर लुआर नदीकाठचे राजवाडे. घाटांना रोड बाइक हवी आणि नदीकाठच्या सपाट वाटेला कुठलीही सायकल चालते. हातात ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडीच्या कच्च्या वाटांवरही चालणारी जाड टायरची सायकल, असेल तर मी नैर्ऋत्य फ्रान्समधल्या केर्सीचं नाव घेईन. तुलूझच्या उत्तरेला लॉत नावाचा जिल्हा आहे आणि त्यातला बराचसा भाग म्हणजे हे केर्सी. काओर हे जिल्ह्याचं मुख्य गाव. तिथून निघून फिझाकला जायचं आणि दुसऱ्या दरीतून परत यायचं, असा सुमारे १८० किलोमीटरचा फेरा इथे मांडतो आहे. चढाई एकूण अडीच-तीन हजार मीटरच्या आसपास होते. पाच दिवस हाताशी ठेवले तर गावं नीट बघून होतात.

आधी जमीन समजून घ्या, कारण सगळं नियोजन तिच्यावर उभं आहे. केर्सी म्हणजे चुनखडीचं पठार. लॉत आणि तिला मिळणारी सेले या दोन नद्यांनी ते खोल कापलेलं आहे. नदीचं पात्र समुद्रसपाटीपासून १२० ते २०० मीटरवर आणि माथा ३०० ते ४०० मीटरवर. म्हणजे एका वेळी दीड-दोनशे मीटरचा चढ. आंबेनळी किंवा वरंध चढलेल्याला हे आकडे किरकोळ वाटतील. पण इथे एकच लांब घाट चढून मोकळं होता येत नाही. दरीत उतरलात की पुन्हा वर यावंच लागतं, आणि चढ छोटे असले तरी मध्येच आठ-दहा टक्क्यांपर्यंत जातात.

दुसरी गोष्ट पाण्याची. पडलेला पाऊस चुनखडीतल्या भेगांमधून थेट खाली जातो. माथ्यावर ओढा नाही की झरा नाही. जमिनीखाली मात्र गुहा आणि भुयारी नद्या आहेत. त्यामुळे दुकानं, उपाहारगृहं आणि वाहतं पाणी बहुतेक दरीत, तर दगडी बांधांमधून जाणाऱ्या पांढऱ्या वाटा, बुटके ओक, जुनिपरची झुडपं आणि मेंढ्या वर. म्हणून किलोमीटर मोजत बसू नका. आज किती वेळा दरीतून वर यायचं आहे आणि दोन नळांमध्ये किती तास आहेत, हे दोन प्रश्न रोज रात्री नकाशासमोर बसून सोडवायचे.

कधी जायचं, कोणत्या वारी निघायचं

एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत, नाहीतर सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीपार जाऊ शकतो आणि माथ्यावरच्या बुटक्या झाडांची सावली सायकलवाल्याच्या फारशी कामाची नसते. शिवाय तेव्हा दरीतल्या गावांत गाड्यांची रीघ लागलेली असते. मे-जूनमध्ये दुपारनंतर गडगडाटी पाऊस येऊ शकतो, त्यामुळे वरचा टप्पा सकाळी उरकलेला बरा. सप्टेंबरपासून शिकारीचा मोसम सुरू होतो आणि तो फेब्रुवारीअखेरपर्यंत चालतो. वाटेच्या तोंडाशी ‘शास आँ कूर’ अशी पाटी दिसली तर पुढे शिकार चालू आहे असं समजायचं. रविवारी हे जास्त असतं. त्या दिवसांत भडक रंगाचा टी-शर्ट घाला आणि बंदुका घेऊन उभी असलेली माणसं दिसली की थांबून, ‘बोंझूर’ म्हणून, पुढे जाऊ का ते विचारा. बहुधा तेच वाट दाखवतात.

वार निवडण्याकडे लोक लक्ष देत नाहीत आणि मग उपाशी राहतात. काओरचा बाजार बुधवारी आणि शनिवारी सकाळी, फिझाकचा शनिवारी सकाळी. रविवारी दुपारनंतर दुकानं बंद, आणि सोमवारी खेड्यातली बेकरीसुद्धा अनेकदा बंद. माझा सल्ला असा: बुधवारी सकाळी काओरच्या बाजारात हजर राहा, गुरुवारी निघा, शुक्रवारी संध्याकाळी फिझाक गाठा. शनिवारी सकाळी तिथल्या बाजारातून दोन दिवसांचा शिधा भरून सेलेच्या दरीत शिरा, कारण पुढच्या गावांत दुकानं मोजकीच आहेत. सोमवारी तुम्ही परत काओरात असता, तेव्हा बंद बेकरीचं काही वाटत नाही.

पोचायचं कसं

मुंबईहून पॅरिसला थेट विमान आहे. पॅरिसच्या ओस्तेर्लित्झ स्थानकातून काओरला इंटरसिटी गाडी जाते, साधारण सव्वापाच-साडेपाच तास. या गाडीत सायकलसाठी वेगळं आरक्षण सक्तीचं आहे. जागा मोजक्या असतात, म्हणून तुमच्या तिकिटाबरोबरच सायकलचंही काढा. या मार्गावर रुळांची कामं चालू असतात, तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी गाडीचं वेळापत्रक बघा. दुसरी वाट तुलूझची: कुठल्याही मोठ्या विमानतळावरून तुलूझ आणि तिथून प्रादेशिक गाडीने दीड तासात काओर. मला ही वाट सोपी वाटते, कारण ग्रॅव्हल बाइक भाड्याने मिळण्याची शक्यता तुलूझसारख्या शहरात जास्त, काओरात कमी. स्वतःची सायकल खोक्यातून नेणार असाल तर रिकामं खोकं पाच दिवस कोण सांभाळणार, हे पहिल्या रात्रीच्या हॉटेलला आधीच लिहून विचारा.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. विम्यात सायकल चालवताना झालेला अपघात धरला आहे ना, ते वाचून घ्या. बॅगेत दाण्याची चटणी आणि मेतकूट खुशाल न्या. तूप, पेढे, खवा मात्र घरीच ठेवा, कारण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणायला प्रवाशांना बंदी आहे.

सायकल आणि टायर

आपल्या सह्याद्रीतला खडक काळा बसाल्ट. तो खरखरीत असल्याने ओला झाला तरी बऱ्यापैकी पकड देतो. केर्सीची चुनखडी कोरडी असताना सुंदर पांढरी वाट बनवते. ओली झाली की मात्र वर आलेले दगड साबणासारखे निसरडे होतात आणि त्यांच्यामधली तांबूस चिकणमाती टायरला, फ्रेमला, ब्रेकला चिकटते. फुटलेल्या चुनखडीला धारही असते आणि ती टायर बाजूने कापते. म्हणून टायर ४० मिलिमीटरपेक्षा बारीक नको. ४५ चांगला, तोही ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) आणि बाजूची भिंत जाड असलेला. वजन सत्तरच्या आसपास आणि थोडं सामान असेल तर ४५च्या टायरला ३० ते ३५ पीएसआय हवेच्या दाबापासून सुरुवात करा आणि पहिल्या खडबडीत उतारानंतर बदला. सीलंटची (टायरमधलं भोक बुजवणाऱ्या द्रवाची) छोटी बाटली, मोठ्या भोकात खुपसायचे प्लग, एक ट्यूब आणि टायरला आतून लावायचा तुकडा एवढं हवंच.

सर्वांत हलका गिअर एकास एकपेक्षा खाली असावा, म्हणजे पुढे ४० दात असतील तर मागे किमान ४२. सामान लादून दहा टक्क्यांच्या सुट्ट्या खडीवर उभं राहून पेडल मारता येत नाही, मागचं चाक जागेवरच फिरतं. बसूनच चढायचं, त्यासाठी हा गिअर. डिस्क ब्रेकच्या पॅडचा एक जादा जोड घ्या, पांढरी धूळ पॅड खाते. सामान पॅनिअरपेक्षा, म्हणजे चाकाच्या बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांपेक्षा, सीटमागच्या आणि फ्रेममधल्या पिशव्यांत ठेवलेलं बरं, कारण काही वाटा दोन बांधांमध्ये जेमतेम मीटरभर रुंद आहेत.

दिवे आणि घंटा कायद्याने लागतात. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकदार जाकीट सक्तीचं आहे. मोठ्यांना हेल्मेटची सक्ती नाही, पण ते घाला, यात वाद नको.

नकाशा वाचताना

फ्रान्सच्या भूगोल संस्थेचे, म्हणजे आयजीएनचे, १:२५,००० प्रमाणाचे नकाशे इंटरनेटवर फुकट बघता येतात. त्यात सलग काळी रेघ म्हणजे शेतगाडीची वाट. ती बहुधा चालवण्याजोगी. तुटक बारीक रेघ म्हणजे पायवाट. ती सायकल खांद्यावर घ्यायला लावू शकते. कोमूट किंवा तत्सम अ‍ॅपवर रूट आखला की प्रत्येक तुटक रेघ उपग्रह चित्रात तपासा. दोन बांधांमधला पांढरा पट्टा स्पष्ट दिसला तर ठीक, झाडीत गडप झाला तर शेजारचा डांबरी रस्ता घ्या. इथले छोटे डांबरी रस्तेही इतके निवांत असतात की त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

जमिनीवरच्या खुणा: पांढरा-लाल पट्टा म्हणजे लांब पल्ल्याची पायवाट, जिला ‘जी-आर’ म्हणतात. पिवळा म्हणजे गावाभोवतीची छोटी फेरी. दोन वर्तुळं आणि एक त्रिकोण म्हणजे सायकलवाट. पट्ट्यांची फुली दिसली तर चुकीच्या वाटेला लागलात. ‘प्रोप्रिएते प्रिव्हे’ म्हणजे खासगी मालमत्ता, तिथून मागे फिरायचं. मेंढ्यांच्या कुंपणाचं फाटक बंद असेल तर आत गेल्यावर पुन्हा बंद करा, उघडं असेल तर उघडंच राहू द्या.

पहिला दिवस: काओर ते लिमोन्य, साधारण ४० किलोमीटर

काओरला लॉत नदीने तिन्ही बाजूंनी वेढलंय. पश्चिमेकडचा वालाँत्रे पूल आदल्या संध्याकाळीच बघून घ्या, कारण सकाळची वाट उलट्या दिशेला आहे. तीन मनोऱ्यांच्या या पुलाचं काम १३०८ साली सुरू झालं आणि ते इतकं रेंगाळलं की गोष्ट तयार झाली: गवंड्याने काम लवकर व्हावं म्हणून सैतानाशी करार केला आणि शेवटी त्याला चाळणीतून पाणी आणायला सांगून फसवलं. चिडलेला सैतान मधल्या मनोऱ्याचा एक दगड रोज रात्री काढून नेऊ लागला. १८७९ साली डागडुजी करणाऱ्या पॉल गूत या वास्तुविशारदाने त्या कोपऱ्यात दगड ओढणारा छोटा सैतान कोरून बसवला. मधल्या मनोऱ्याशी उभे राहून वर बघत राहा, सापडायला वेळ लागतो.

सकाळी नदी ओलांडून दक्षिणेला सँ-झोर्झच्या बाजूने वर निघायचं. पहिलाच चढ उभा आहे आणि पाय तापलेले नसतात, म्हणून तो ढकलत चढलात तरी हरकत नाही. वर आलात की तुम्ही जी-आर ६५ वर असता. ल पुई गावाहून स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या यात्रेकरूंची ही वाट आहे. फ्रान्समधल्या सांतियागोच्या वाटा १९९८ साली युनेस्कोच्या यादीत गेल्या आणि त्यात या वाटेचे मोजके तुकडेच निवडले गेले. बाख (अक्षरं संगीतकार बाखचीच) ते काओर हा २६ किलोमीटरचा तुकडा त्यातला एक, आणि तुम्ही तो उलट दिशेने चालवणार. हे मी मुद्दाम सुचवतो. यात्रेकरू स्पेनकडे तोंड करून चालतात आणि तुम्ही समोरून येता. त्यामुळे मागून घंटा वाजवून कुणाला दचकवावं लागत नाही. तरीही माणूस दिसला की वेग कमी, अरुंद जागी पाय खाली, आणि आधी तुम्ही ‘बोंझूर’. ही त्यांची वाट आहे, आपण पाहुणे.

लाबुर्गाद ओलांडल्यावर वाट मोकळी होते. पांढरी खडी, दोन्ही बाजूंना शेवाळलेले बांध, त्यापलीकडे ओक. या झाडांच्या मुळांशी जमिनीखाली काळं ट्रफल, म्हणजे एक महागडं खाद्य कवक, उगवतं. जवळच्या लालबँक गावात डिसेंबर ते मार्च दर मंगळवारी त्याचा बाजार भरतो. बांधाला लागून मध्येच गोल दगडी खोपटी दिसतील. अशा एकीत वाकून जरूर शिरा. चुन्याचा थेंब न वापरता प्रत्येक थरातला चपटा दगड आतल्या बाजूला बोटभर पुढे सरकवत नेला आहे, आणि वर एका शिळेने तोंड बंद. शेतातला दगड उचलून कुठेतरी ठेवायचाच होता, त्याचे बांध झाले आणि खोपटीही. वळवाचा पाऊस आला तर आसरा म्हणून त्या आजही कामाच्या आहेत.

बाखजवळ क्लू दोराल इथे एकोणिसाव्या शतकातल्या फॉस्फेटच्या खाणी आहेत. उघडण्याच्या वेळा जुळल्या तर थांबा. पुढे व्हारेर आणि मग लिमोन्य. या पट्ट्यात कपडे धुण्याच्या जुन्या दगडी जागा बघायला मिळतात. काहींच्या शिळा दोन्ही बाजूंना फुलपाखराच्या पंखांसारख्या उतरत्या लावलेल्या असतात. तिथलं पाणी पिण्याचं नाही. लिमोन्यमध्ये मुक्काम, जेवण आणि बेकरी मिळते.

पाणी

हा विषय दुसऱ्या दिवसाच्या आधीच सांगतो, कारण घशाला कोरड पडते ती तिथे. माणशी किमान अडीच लिटर घेऊन माथ्यावर जा, उन्हाळ्यात तीन. गावात सार्वजनिक नळ नसला तर चर्च शोधा आणि मग दफनभूमी. फ्रेंच खेड्यातल्या दफनभूमीत जवळजवळ नेहमी नळ असतो, फाटकाजवळच, कबरींवरच्या फुलांना घालण्यासाठी. शेजारी झाऱ्या टांगलेल्या असतात. हे पाणी बहुधा गावाच्या नळयोजनेचं असतं, तरी पाटी वाचा: ‘ओ पोताब्ल’ म्हणजे पिण्यायोग्य, त्यात ‘नों’ आलं की नाही. पाटीच नसेल तर समोरच्या घराची बेल वाजवून बाटली दाखवा. दफनभूमीत शिरताना हेल्मेट काढा, मोठ्याने बोलू नका आणि फाटक ओढून घ्या.

दुसरा दिवस: लिमोन्य ते फिझाक, साधारण ५० किलोमीटर

पाच दिवसांतला सर्वांत कष्टाचा दिवस. सकाळी लवकर निघून १८ किलोमीटरवरच्या काझार्कला बारापूर्वी उतरा. वाटेवर डॉलमेन लागतात: उभ्या शिळांवर आडवी शिळा ठेवून केलेली, हजारो वर्षांपूर्वीची दफनस्थळं. फ्रान्समधल्या सर्वाधिक डॉलमेन असलेल्या जिल्ह्यांत लॉतची गणना होते.

काझार्क लॉतच्या काठावर. गावाला गोल वेढणारी झाडांची सावली, तिच्याखाली उपाहारगृहांच्या खुर्च्या. लेखिका फ्रांस्वाझ सागाँचा जन्म इथे १९३५ साली झाला आणि राष्ट्राध्यक्ष झॉर्झ पाँपिदू यांचं या गावाजवळ घर होतं. ऑक्टोबरात आलात तर केशराची विचारपूस करा. केर्सीत केशराची शेती आता पुन्हा होते आणि त्याचा उत्सव याच गावात भरतो.

जेवण आटोपून दोनच्या सुमारास ग्रेआलूचा चढ लागतो. ऊन असेल तर नदीकाठी तीनपर्यंत बसा, घाई करू नका. वर ग्रेआलूच्या परिसरात पेश-लाग्लेर इथे डॉलमेन आणि त्याच्याजवळ जुना दगडी क्रूस आहे. हा डॉलमेनही युनेस्कोच्या त्याच यादीत येतो, आणि काझार्क ते फेसेल हा वाटेचा तुकडाही. इथे काही ठिकाणी वाट निव्वळ खडक आहे. पुढचं चाक हलकं करून जमेल तेवढं चालवा, नाहीतर उतरा. फेसेलनंतर फिझाकच्या वेशीवर एक अष्टकोनी दगडी सुळका दिसतो, मध्ययुगातला. तिथून गावात उतार.

फिझाक मला या फेऱ्यातलं सर्वांत आवडतं गाव, काओरपेक्षाही. वाळूच्या दगडाची फिकट पिवळी घरं, खाली कमानींची दुकानं आणि सर्वांत वर खांबांवर उघडा माळा, जिथे धान्य, कातडी, कपडे वाळत घालत. भाषापंडित शाँपोलियों इथला, जन्म १७९० सालचा. रोझेटा शिळेच्या मदतीने त्याने १८२२ साली इजिप्तची चित्रलिपी उलगडली. त्याच्या जन्मघराशी लिपींचं संग्रहालय आहे, आणि मागच्या चौकात रोझेटा शिळेची प्रचंड प्रतिकृती फरशीसारखी जमिनीवर आडवी पसरलेली आहे. काळ्या ग्रॅनाइटची ही प्रतिकृती जोसेफ कोसुथ या कलाकाराने १९९१ साली केली. तिच्यावरून चालायला परवानगी आहे. क्लीट (पेडलला अडकणारी पट्टी) लावलेले बूट मात्र काढून चाला, घसरतात.

तिसरा आणि चौथा दिवस: सेलेची दरी

शनिवारी बाजार करून अकराच्या पुढे निघालात तरी चालतं, कारण आज सावली आणि पाणी दोन्ही आहेत. सेले ही लहान नदी आणि तिची दरी अरुंद. एका बाजूला उभे कडे, त्यांच्या कपारीत भिंती बांधून केलेले जुने किल्लेवजा आसरे. लोक त्यांना ‘इंग्रजांचे वाडे’ म्हणतात, कारण त्यांचा संबंध फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या मध्ययुगीन शंभर वर्षांच्या युद्धाशी जोडला जातो.

दरीतून डी-४१ हा डांबरी रस्ता जातो आणि जी-आर ६५१ ही पायवाट कड्यांवर वरखाली करते. पायवाट पूर्ण सायकलवर करायचा हट्ट धरू नका. एस्पान्याकपर्यंत रस्त्यानेच या. तिथली जुनी मठवास्तू आणि लाकडी चौकटीत विटा भरलेला, अगदी घरगुती दिसणारा घंटामनोरा बघा. मग ब्राँगहून एकदाच उत्तरेच्या पठारावर चढा, शेतवाटांनी पश्चिमेला जा आणि मार्सियाकला खाली उतरा. मार्सियाकच्या बेनेडिक्टाइन मठाचा अर्धा भाग पडलेला आहे. छताविना उभ्या कमानींमध्ये गवत, आणि उरलेल्या अर्ध्यात चर्च चालू. मुक्काम इथेच. नदीकाठी तंबूची सोय असलेल्या जागा दरीत बऱ्याच आहेत.

चौथ्या दिवशी सुमारे १७ किलोमीटरवर काब्रेरे आणि त्याच्या वरच्या डोंगरात पेश मेर्ल ही आदिमानवाच्या चित्रांची गुहा. हे चुकवू नका. १९२२ साली गावातल्या पोरांनी, आंद्रे दाविद आणि त्याच्या मित्राने, अंधारात सरपटत जाऊन ती शोधली. लास्को ही फ्रान्समधली प्रसिद्ध चित्रगुहा १९६३ साली बंद झाली आणि तिथे आता प्रतिकृती दाखवतात. इथे मात्र मूळ चित्रं बघता येतात. म्हणून दिवसाला ७०० लोकांची मर्यादा आहे आणि मोसमात तिकीट आधी काढावं लागतं. हिवाळ्यात गुहा बंद असते. आत बारा-तेरा अंश तापमान. घामेजलेल्या जर्सीत तासभर कुडकुडायचं नसेल तर जाकीट घ्या.

ठिपक्यांच्या घोड्यांसमोर वाटाड्या थांबला की उजवीकडच्या घोड्याचं डोकं बघा. तिथे खडकाचा कडाच घोड्याच्या मुंडक्याच्या आकाराचा आहे, आणि रंगवलेलं डोकं त्याच्या आत, अगदी लहानसं. ठिपके आकृतीबाहेरही सांडलेत. आजूबाजूला हातांचे ठसे: पंजा भिंतीवर ठेवून भोवती रंग फुंकलेला. सुमारे २९ हजार वर्षांपूर्वीचं हे काम.

गुहेहून खाली आलात की बूझिएसजवळ सेले लॉतला मिळते. इथून सँ-सिर्क-लापोपीकडे नदीलगत कड्यात कोरलेली वाट जाते. एकोणिसाव्या शतकात बोटी दोराने ओढून नेणाऱ्यांसाठी ती खोदली. छत म्हणजे कडा, कठडा नाही, आणि पायी येणारे बरेच. सायकल हातात धरून चाला, आणि दरड कोसळल्यामुळे बंदची पाटी असेल तर रस्त्याने जा.

सँ-सिर्क नदीपासून शंभर मीटर उंच कड्यावर आहे. कवी आंद्रे ब्रेतोंने १९५१ साली इथे घर घेतलं. दुपारी गल्ल्या पर्यटकांनी भरलेल्या, दगडी उतारावर सायकल ढकलणंही कठीण. तुम्ही रात्री राहा. संध्याकाळी गाड्या निघून गेल्या की गाव निम्मं रिकामं होतं. खोली महाग वाटली तर बूझिएस किंवा नदीकाठचा कॅम्प.

पाचवा दिवस आणि रोकामादूरचा मोह

सँ-सिर्कहून दक्षिणेच्या पठारावर एक शेवटचा चढ, मग शेतवाटांनी आर्काँबालकडे उतार आणि नदीकाठाने काओर. तीसेक किलोमीटर, जेवणाच्या वेळेआधी होतात.

बरेच जण याच फेऱ्यात रोकामादूर घुसवतात. कड्याला चिकटलेलं ते तीर्थक्षेत्र, तिथल्या २१६ पायऱ्या आणि जवळच पादिराकचं ७५ मीटर खोल विवर, जिथे गुहाशोधक मार्तेल १८८९ साली प्रथम उतरला, हे सगळं खरोखर बघण्यासारखं. पण त्याला एक पूर्ण दिवस द्या. फिझाकहून ब्रीवच्या दिशेची गाडी पकडली तर रोकामादूर-पादिराक स्थानक लागतं, तिथून गाव चारेक किलोमीटर. पाच दिवसांतच कोंबलंत तर सेलेची दरी मान खाली घालून संपवावी लागेल.

खाणं-राहणं

दुपारचं जेवण बारा ते दोन. दोन वाजून दहा मिनिटांनी गेलात तर स्वयंपाकघर बंद, कितीही गयावया करा. राहण्यासाठी यात्रेकरूंच्या वाटेवर ‘झीत देताप’ नावाच्या साध्या धर्मशाळावजा जागा आहेत: सामायिक खोली, रात्रीचं जेवण, सकाळची न्याहारी. एक दिवस आधी फोन करा, सायकल कुठे ठेवू ते विचारा, आणि शाकाहारी असाल तर तेव्हाच सांगा. आयत्या वेळी सांगितलंत तर आम्लेट मिळेल.

शाकाहाऱ्यांनी इथे डोळे उघडे ठेवायला हवेत, कारण हा बदकांचा मुलूख आहे. ‘सालाद केर्सिन्वाझ’ नाव वाचून पालेभाजी समजू नका, त्यात बदकाच्या पोटातले अवयव असतात. परतलेले बटाटेसुद्धा अनेकदा बदकाच्या चरबीतले. ‘साँ ग्रेस द कानार’, म्हणजे बदकाची चरबी नको, हे पाठ करा. भाजलेल्या शेळीच्या चीजचं सॅलड सगळीकडे मिळतं, पण वर डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात का ते विचारा. रोकामादूर हे छोट्या चकतीएवढं शेळीचं चीज, बाजारात हवं तितकं मुरलेलं मागून घेता येतं. प्राण्यांचं रेनेट (चीजसाठी दूध गोठवणारा पदार्थ) चालत नसेल तर मात्र ते टाळावं लागेल. अक्रोड, उन्हाळ्यात केर्सीचं खरबूज, सफरचंदाची पापुद्र्यांची ‘पास्तिस’ आणि बेकरीतला ताजा पाव यांवर दिवस उत्तम निघतो. पावाला दाण्याची चटणी लावलीत तर विचारूच नका. काओरची वाइन माल्बेक द्राक्षाची आणि गडद. ती मुक्कामावर, दुपारी नाही.

रस्त्यावर

वाहनं उजवीकडून. हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण शेतवाटेवरून रिकाम्या डांबरी रस्त्यावर आलं की आपलं अंग आपोआप डावीकडे वळतं. हँडलबारवर उजव्या हाताला एक रंगीत टेप लावा. गावात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. गोल चौकात घड्याळाच्या उलट फिरायचं. शेतातला कुत्रा धावून आला तर उतरा, सायकल मध्ये धरा आणि शांतपणे चालत पुढे व्हा. संध्याकाळी गुडघ्यामागे आणि कमरेला गोचीड बघा. चिमटीने सरळ ओढून काढा आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल कडं पसरलं तर डॉक्टर गाठा. आपत्कालीन क्रमांक ११२.

काओरला परतल्यावर गाडी पकडण्याआधी सायकल धुऊन घ्या. ही पांढरी माती वाळली की सिमेंट होते, आणि डब्यात शेजारी टांगलेल्या सायकलच्या मालकाला तुमचा प्रवास त्याच्या चेनवर नको असतो. धुताना पाण्याचा जोर बेअरिंगपासून लांब ठेवा, चेन पुसून तेल द्या, आणि टायरची बाजूची भिंत बोटांनी चाचपून बघा. चुनखडीने केलेली चीर पुष्कळदा घरी पोचल्यावर उघडी पडते.